मोठी नदी

एखाद्या विद्यापीठात गेलात, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. विद्युत अभियांत्रिकीचा विभाग एका इमारतीत असतो, पर्यावरणशास्त्राचा दुसऱ्या इमारतीत आणि साहित्याचा तिसऱ्या. ग्रंथालयातही त्यांची कपाटे वेगवेगळी असतात. एका विभागातील प्राध्यापक दुसऱ्या विभागातील प्रबंध सहसा वाचत नाहीत. पण कॅनडा देशात एक नदी अशी आहे, की तिच्यावर या तिन्ही विभागांतील अभ्यासकांनी पाने भरून लिहिले आहे. एकाने तिच्यात वीज पाहिली, दुसऱ्याने मासे पाहिले आणि तिसऱ्याने माणसांचे शब्द ऐकले. या पाठात आपण त्या नदीची ओळख करून घेऊ.

कॅनडाच्या पूर्व भागात क्वेबेक नावाचा मोठा प्रांत आहे. तेथील बहुतेक लोकांची भाषा फ्रेंच आहे. प्रांताच्या वायव्येस जेम्सचा उपसागर आहे. सुमारे ९०० किलोमीटर वाहत येऊन ही नदी त्याला मिळते. फ्रेंच नकाशात तिचे नाव 'ला ग्रांद' आहे. नदीच्या काठी हजारो वर्षे राहणारे क्री लोक तिला 'चिसासिबी' म्हणतात. दोन्ही नावांत मोठेपणाच आहे. चिसासिबी म्हणजे मोठी नदी. पुढे अभियंत्यांनी तिच्यावर वीजगृहे बांधली, तेव्हा त्यांना 'एलजी-२', 'एलजी-३' अशी नावे दिली. नावात काय आहे, असे तुम्ही म्हणाल. पण या गोष्टीत नावांनाही महत्त्व आहे.

क्री लोक शिकार आणि मासेमारी करून राहत. वसंत ऋतूत दक्षिणेकडून रानहंसांचे थवे येत, तेव्हा सारे गाव समुद्रकाठी जाई. प्रत्येक कुटुंबाचे शिकारीचे क्षेत्र ठरलेले असे. यंदा या भागातील बीव्हर मारावेत की त्यांना विसावा द्यावा, हे त्या क्षेत्राचा वडीलधारा शिकारी ठरवत असे. कागदावर काही लिहिलेले नसे, पण नियम सर्वांना पाठ असत.

फिक्रेत बर्कीस या पर्यावरणशास्त्रज्ञाने या नदीवर जाऊन क्री लोकांच्या मासेमारीचा अभ्यास केला. कोळ्यांच्या जाळ्यांकडे त्यांनी बारकाईने पाहिले. सरकारी नियमांत सहसा एकच माप सांगितलेले असते : जाळ्याचे छिद्र इतके मोठे असावे, म्हणजे लहान मासे सुटून जातील. क्री लोक मात्र वेगवेगळ्या मापांची जाळी वापरत. त्यामुळे सर्व वयांचे मासे थोडे थोडे पकडले जात आणि अंडी घालणारे मोठे मासेही पाण्यात शिल्लक राहत. एका ठिकाणी मासे कमी लागू लागले, की कोळी दुसरीकडे जात. ज्याला आपण शास्त्र म्हणतो ते या लोकांच्या सवयींत, श्रद्धेत आणि कहाण्यांत मुरलेले होते, असे बर्कीस यांना आढळले. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले.

आता अभियंत्यांकडे वळू. त्यांची कहाणी याच प्रांतातील दुसऱ्या एका नदीवर सुरू होते. तिचे नाव मानिकुआगान. क्वेबेकमध्ये पूर्वी विजेच्या बहुतेक कंपन्या इंग्रजी बोलणाऱ्या मालकांच्या हाती होत्या. फ्रेंच बोलणारे लोक संख्येने जास्त, पण कारखान्यांत ते बहुधा मजूर असत. १९६३ मध्ये प्रांताच्या सरकारने खाजगी वीज कंपन्या विकत घेतल्या आणि 'हायड्रो-क्वेबेक' या सरकारी संस्थेत त्या सामील केल्या. तेव्हापासून धरण ही तेथे केवळ सिमेंटची भिंत राहिली नाही. "हे आम्ही बांधले," असे फ्रेंच भाषेत म्हणता येण्याची ती जागा झाली. मानिकुआगान नदीवरील प्रचंड धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची २१४ मीटर आहे.

परंतु एक अडचण होती. नदी उत्तरेच्या जंगलात आणि विजेचे दिवे माँट्रियल शहरात. मध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर. तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते आणि त्या उष्णतेत काही वीज वाया जाते. हे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला, तर नुकसान चौपट होते. याउलट प्रवाह निम्मा केला, तर नुकसान चौथ्या हिश्शावर येते. मग वीज तेवढीच पाठवून प्रवाह कमी कसा करायचा? उत्तर सोपे आहे : विद्युतदाब वाढवायचा. आपल्या घरातील विद्युतदाब २३० व्होल्ट असतो. हायड्रो-क्वेबेकच्या मोठ्या तारांत तो तेव्हा ३,१५,००० व्होल्ट होता. झां-जाक आर्शांबो या अभियंत्याने तो ७,३५,००० व्होल्टपर्यंत न्यावा, असे सुचवले. हिशेब करून पाहा. दाब सव्वादोन पटींहून जास्त झाला, म्हणून त्याच तारेतील नुकसान पाचव्या हिश्शाहूनही कमी झाले.

उत्तर सोपे असले, तरी काम सोपे नव्हते. इतक्या दाबाखाली तारेभोवतीची हवा स्वतःच वीज वाहू लागते, तार सूं-सूं आवाज करते आणि वीज हवेत गळते. म्हणून एका जाड तारेऐवजी चार तारा थोड्या अंतरावर ठेवून त्यांचा जुडगा करतात. त्यामुळे हवेवरचा ताण कमी होतो. २९ नोव्हेंबर १९६५ रोजी ही तारांची वाट सुरू झाली. एवढ्या विद्युतदाबावर व्यापारी स्वरूपात वीज वाहून नेणारी ती जगातील पहिली वाट होती.

त्याच सुमारास एक गाणेही निघाले. १९६६ मध्ये जॉर्ज दोर या कवी-गायकाचे 'ला मानिक' हे फ्रेंच गीत प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले. धरणावर काम करणारा एक मजूर दूरच्या प्रेयसीला पत्र लिहितो, असे त्या गीताचे रूप आहे. धरणाची उंची, विजेचा दाब यांतले त्यात फारसे काही नाही. त्यात आहे एकटेपणा, कंटाळा आणि पत्राची वाट पाहणे. मराठीत याला विरह म्हणतात; उर्दूत तुम्ही त्यासाठी हिज्र आणि जुदाई हे शब्द वाचले असतील. अभियंत्याच्या अहवालात किती मजूर लागले ही संख्या मिळते. ते मजूर रात्री कोणाची आठवण काढत होते, हे गीतातच मिळते. क्वेबेकच्या साहित्याचे अभ्यासक या गीताला मोठे महत्त्व देतात, ते याच कारणाने.

तारा लांबवर वीज नेऊ शकतात हे सिद्ध झाल्यावर आणखी उत्तरेकडच्या नद्या दृष्टीच्या टप्प्यात आल्या. ३० एप्रिल १९७१ रोजी प्रांताचे प्रमुख रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराच्या प्रकल्पाची घोषणा केली. चिसासिबी नदीवर धरणे बांधायची, शेजारच्या नद्यांचे पाणीही तिच्यात वळवायचे आणि सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेस वीज न्यायची, अशी ती योजना होती. नदीकाठच्या क्री लोकांना आणि उत्तरेकडील इनुइट लोकांना कोणी विचारले नव्हते. आपल्या जमिनीवर पाणी येणार, ही बातमी त्यांना इतरांप्रमाणेच कळली.

हे कसे घडले? येथे साहित्याचा अभ्यासक आपल्याला एक जुनी कादंबरी दाखवतो. लुई एमों या लेखकाची 'मारिया शापदलेन' ही कादंबरी १९१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. जंगल तोडून शेत तयार करणाऱ्या एका गरीब फ्रेंच कुटुंबाची ती कथा आहे. क्वेबेकमधील अनेक पिढ्यांनी ती वाचली. अशा कथांत उत्तरेकडील जमीन रिकामी असते. कोणीतरी धाडसी माणूस येऊन ती आपलीशी करील, याची ती वाट पाहत असते. कारोलीन देबियें या विदुषी मुळात भूगोलाच्या अभ्यासक. पण प्रकल्पाचा अभ्यास करताना त्यांनी नकाशांबरोबर कथा-कादंबऱ्याही वाचल्या. जमीन नापीक आणि ओसाड आहे असे जे मनात बसले होते, ते अशा कथांतूनही आले होते, हा मुद्दा त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला आहे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. पुस्तकात जी जमीन रिकामी दिसते, तिच्यावर राहणाऱ्यांना विचारायचे सुचत नाही.

क्री लोक न्यायालयात गेले. डिसेंबर १९७२ मध्ये माँट्रियल येथे न्यायाधीश अल्बेर मालूफ यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली आणि अनेक महिने चालली. एकीकडे अभियंते नकाशे घेऊन उभे होते, दुसरीकडे जीवशास्त्रज्ञ, आणि तिसरीकडे जंगलातून आलेले शिकारी. शिकाऱ्यांची साक्ष क्री भाषेत होई आणि दुभाषी ती समजावून सांगे. एका वृद्ध शिकाऱ्याची गोष्ट आजही सांगितली जाते. सत्य सांगण्याची शपथ घ्यायला त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की सत्य सांगेन असे वचन मी देऊ शकत नाही. मला जे ठाऊक आहे तेवढेच मी सांगू शकतो. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी अशी आहे.

१५ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यायाधीश मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. पण वरच्या न्यायालयाने आठवडाभरातच तो आदेश स्थगित केला. बुलडोझर पुन्हा चालू झाले. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. क्री आणि इनुइट लोकांना २२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई आणि शिकारीचे हक्क मिळाले. प्रकल्प मात्र पुढे गेला. करार हा शब्द तुम्हांला उर्दूतील 'कौल-ओ-करार'मुळे माहीत आहे. उर्दूत करार म्हणजे मनाची शांतीही. ती मात्र त्या कागदाने सर्वांना मिळाली नाही.

१९७९ मध्ये एलजी-२ वीजगृह सुरू झाले. ते जमिनीखाली सुमारे १४० मीटर खोल, खडक पोखरून बांधले आहे आणि त्याची क्षमता ५,६१६ मेगावॅट आहे. अभियांत्रिकीचे ते एक आश्चर्यच आहे, यात शंका नाही. त्याच वर्षांत नदीच्या मुखाजवळील बेटावरचे फोर्ट जॉर्ज हे गाव हलवावे लागले. धरणांमुळे नदीचा ओघ बदलणार होता आणि बेटाचे काठ खचण्याची भीती होती. १९८१ पर्यंत लोक नदीच्या काठावरील नव्या गावात आले. गावाला त्यांनी नदीचेच नाव दिले : चिसासिबी. जुन्या बेटावर आजही लोक उन्हाळ्यात एकत्र जमतात.

आता पर्यावरणशास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहू. जलाशयात पाणी भरले, तेव्हा झाडे, शेवाळ आणि माती पाण्याखाली गेली. मातीत थोडासा पारा असतोच. काही नैसर्गिक असतो, काही कोळशाच्या धुराबरोबर हवेतून येतो. एरवी तो फारसा त्रास देत नाही. पण बुडालेली झाडे कुजू लागली, की पाण्यातील काही जिवाणू या पाऱ्याचे मिथिल पारा या विषारी रूपात रूपांतर करतात. हे विष सूक्ष्म जीवांत जाते. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात. प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. मासा धुऊन किंवा शिजवून ते जात नाही, कारण ते त्याच्या मांसातच असते. इतर मासे खाणाऱ्या पाइकसारख्या माशांत पारा नेहमीच्या कित्येक पट वाढला. तो पुन्हा मूळच्या पातळीवर येण्यास २० ते ३० वर्षे लागतात.

चिसासिबी गावातील लोकांच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या शरीरात पारा सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त आढळला. हे विष मज्जासंस्थेवर आणि आईच्या पोटातील बाळावर परिणाम करते. डॉक्टरांपुढे पेच पडला. मासे खाऊ नका असे सांगावे, तर लोकांचा सर्वांत चांगला आहार जातो आणि दुकानातील डबाबंद पदार्थ घरात येतात. शिवाय मासेमारी सुटली, की आजोबांकडून नातवाकडे जाणारे ज्ञानही थांबते. अखेर कोणते मासे खावेत आणि कोणते टाळावेत, विशेषतः गर्भवती स्त्रियांनी, याची माहिती देण्यात आली. १९८६ मध्ये क्री लोक, प्रांताचे सरकार आणि हायड्रो-क्वेबेक यांच्यात पाऱ्याविषयी स्वतंत्र करार झाला. हळूहळू लोकांच्या शरीरातील पारा कमी झाला.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मुळापासून तपासला. ऑन्टारिओ प्रांतात काही तळी केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. १९९३ मध्ये त्यांपैकी एका लहान तळ्याभोवतीची दलदल मुद्दाम पाण्याखाली बुडवण्यात आली. जणू काही खेळण्यातला जलाशयच! मिथिल पारा झपाट्याने वाढला आणि कुजणाऱ्या वनस्पतींतून कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायूही बाहेर पडले. पाण्यापासून मिळणारी वीज धूर करत नाही, हे खरे आहे. पण पाणी भरण्याची किंमत शून्य नसते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

सप्टेंबर १९८४ मध्ये आणखी एक दुर्घटना घडली. कॅनियापिस्को नदी ओलांडताना सुमारे १०,००० कॅरिबू बुडून मेले. कॅरिबू हे रेनडिअरच्या जातीचे हरिण. या नदीचे पाणी प्रकल्पासाठी वळवलेले होते. त्या काळात पाऊस फार झाला होता, म्हणून पूर आला, असे एका पक्षाचे म्हणणे. जलाशयातून पाणी सोडल्यामुळेच पूर वाढला, असे दुसऱ्याचे. हा वाद पुष्कळ चालला.

निसर्गाने अभियंत्यांनाही एक धडा दिला. १३ मार्च १९८९ च्या पहाटे सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवून सोडले. त्यामुळे जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण झाले. क्वेबेकची जमीन म्हणजे अतिप्राचीन, कठीण खडक. त्यातून वीज सहज वाहत नाही. म्हणून त्या प्रवाहांनी हजार-हजार किलोमीटर लांबीच्या तारांचा रस्ता धरला. विद्युतदाब स्थिर ठेवणारी यंत्रे एकापाठोपाठ एक बंद पडली आणि सुमारे ९० सेकंदांत सारा प्रांत अंधारात बुडाला. सुमारे ६० लाख लोक ९ तास विजेविना राहिले. त्यानंतर तारांच्या मार्गात नवी उपकरणे बसवण्यात आली. खडक कोणता आहे हे विचारणे भूगर्भशास्त्राचे काम, असे कोणताही वीज अभियंता त्यानंतर म्हणू शकला नाही.

दरम्यान ग्रेट व्हेल या आणखी उत्तरेकडील नदीवर नवा प्रकल्प होऊ घातला होता. वीज अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याला विकायची होती. क्री आणि इनुइट लोकांनी मिळून एक नाव बांधली. तिचा एक भाग क्री लोकांच्या होडीसारखा, दुसरा इनुइट लोकांच्या कयाकसारखा. 'ओडेयाक' असे तिचे नाव ठेवले. ती वल्हवत ते एप्रिल १९९० मध्ये न्यूयॉर्क शहरात पोहोचले आणि तुमच्या दिव्याची वीज कोठून येते, असे त्यांनी तेथील लोकांना विचारले. १९९२ मध्ये न्यूयॉर्कने वीजखरेदीचा मोठा करार रद्द केला. १९९४ मध्ये तो प्रकल्पही बाजूला ठेवण्यात आला.

याच काळात क्री लोक स्वतः लिहू लागले. फोर्ट जॉर्ज येथे जन्मलेल्या मार्गारेट सॅम-क्रोमार्टी यांचा कवितासंग्रह १९९२ मध्ये निघाला. आई-वडील, तंबू, बर्फ, नदी यांच्या आठवणी त्यात साध्या शब्दांत आहेत. २००७ मध्ये व्हर्जिनिया पेसेमापेओ बोर्दलो यांची 'ऊर्स ब्ल्यू' म्हणजे 'निळी अस्वल' ही फ्रेंच कादंबरी आली. लेखिकेची आई क्री. कादंबरीतील स्त्री आपल्या पूर्वजांच्या भूमीकडे प्रवास करते, जी भूमी पाण्याखाली जाण्याच्या वाटेवर आहे. ज्या जमिनीला जुन्या कथांनी रिकामी म्हटले होते, तिच्यात या पुस्तकांनी माणसे, नावे आणि कबरी दाखवल्या.

ती कादंबरी निघाली तेव्हा रूपर्ट नदीचे पाणी वळवण्याची तयारी चालू होती. २००२ मध्ये क्री नेते आणि क्वेबेक सरकार यांच्यात झालेल्या नव्या कराराने त्याला वाट दिली होती. सर्व क्री लोकांना ते मान्य नव्हते. २००६ मध्ये तीन गावांनी त्याविरुद्ध मत दिले. त्यांत चिसासिबीही होते. तरीही २००९ मध्ये रूपर्टचे पुष्कळसे पाणी उत्तरेकडे वळले. ते आता मोठ्या नदीतून, चिसासिबी गावाजवळून समुद्रात जाते.

नदी पूर्वी वसंतात फुगत असे आणि हिवाळ्यात रोडावत असे. आता घरे उबदार ठेवण्यासाठी हिवाळ्यातच वीज सर्वांत जास्त लागते, म्हणून तेव्हाच पाणी सोडले जाते. बर्फाखाली गोडे पाणी समुद्रात दूरवर पसरते. किनाऱ्याजवळ पूर्वी समुद्रगवताची दाट कुरणे होती आणि रानहंस त्यांवर चरत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती कुरणे विरळ झाली. हंस आता कमी उतरतात, हे शिकाऱ्यांनी पुनःपुन्हा सांगितले. कारण केवळ नदीचे पाणी, की वाढते तापमानही, याचा शोध घेण्यासाठी विद्यापीठांतील शास्त्रज्ञ आणि क्री शिकारी अलीकडच्या वर्षांत एकाच होडीतून किनाऱ्यावर गेले. शास्त्रज्ञ पाण्याचा खारटपणा मोजत होते. गवत पूर्वी कोठपर्यंत होते, हे शिकारी दाखवत होते.